खेळ नवा, कोड जुना

डिसेंबर २००७ मध्ये आइसलँडमधल्या एका कंपनीने आपल्या ऑनलाइन खेळाची नवी आवृत्ती काढली. खेळाचं नाव 'ईव्ह ऑनलाइन'. अंतराळातली जहाजं, व्यापार, टोळ्या आणि लढाया असा त्याचा मोठा पसारा. २००३ पासून जगभरातले खेळाडू त्यात एकत्र खेळत होते. नव्या आवृत्तीत चित्रं अधिक देखणी केली होती, म्हणून लोकांनी ती हौसेने उतरवून घेतली, बसवली आणि संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. तेव्हा काही जणांचा संगणक सुरूच होईना. खेळ बिघडला असता तर समजण्यासारखं होतं. इथे संपूर्ण यंत्रच अडून बसलं होतं.

झालं होतं ते असं. त्या काळी बहुतेकांकडे विंडोज एक्सपी असे. त्यात सी ड्राइव्हमध्ये अगदी वरच्या पातळीवर 'बूट डॉट आयएनआय' नावाची एक छोटी फाइल असायची. संगणक सुरू होताना ती वाचून विंडोज कुठे ठेवलेलं आहे हे शोधलं जाई. आता गंमत अशी, की ईव्ह ऑनलाइनच्या स्वतःच्या फोल्डरमध्येही नेमकी याच नावाची एक फाइल होती. नव्या आवृत्तीला आपली ती जुनी फाइल पुसायची होती. पण पुसण्याच्या आज्ञेत फाइलच्या नावाआधी नुसती एक तिरकी रेघ राहिली. त्या रेघेमुळे 'आपल्या फोल्डरमधली फाइल' या ऐवजी 'ड्राइव्हच्या मुळाशी असलेली फाइल' असा अर्थ झाला. खेळाने स्वतःची फाइल शाबूत ठेवली आणि विंडोजची पुसून टाकली.

कंपनीने चूक कबूल केली आणि काय घडलं ते सविस्तर लिहून जाहीर केलं. बातम्यांमध्ये चर्चा झाली ती त्या रेघेची. मला मात्र रेघेपेक्षा नाव महत्त्वाचं वाटतं. खेळ आकार घेत होता, त्या सुरुवातीच्या वर्षांत कुणीतरी फाइलला ते नाव दिलं. तेव्हा त्यात काहीच धोका नव्हता, कारण आपल्या फोल्डरमध्ये आपण काय नाव ठेवायचं हा आपला प्रश्न. ते नाव कित्येक वर्षं तिथे निवांत पडून होतं. मग एके दिवशी दुसऱ्याच कुणाच्या हातून एक रेघ पडली आणि जुनं नाव व नवी रेघ यांची गाठ पडली. पुढे कंपनीने त्या फाइलचं नाव बदललं. पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

आज मला याच विषयावर बोलायचं आहे. ऑनलाइन खेळांमध्ये अधूनमधून जे चमत्कारिक बिघाड होतात, ज्यांना संगणकाच्या भाषेत 'बग' म्हणतात, त्यांतले कितीतरी बग आज लिहिलेल्या ओळींतून येत नाहीत. ते येतात जुन्या ओळी आणि नव्या गरजा यांच्या सांध्यातून.

आपल्याकडचे जुने वाडे आठवा. वाडा बांधला तेव्हा वीज नव्हती. पुढे एका पिढीने दिवे घेतले, दुसरीने पंखे बसवले, तिसरीने फ्रिज आणला. प्रत्येक वेळी वायरमन आला आणि त्याने असलेल्या वायरीला नवी जोडली. शेवटी अशी स्थिती येते, की माजघरातलं बटण दाबलं तर जिन्यातला दिवा लागतो. असं का, हे सांगू शकणारा वायरमन केव्हाच हयात नसतो. प्रोग्रॅमचा कोडही असाच वाढत जातो. फरक इतकाच, की ऑनलाइन खेळाचा वाडा कधी रिकामा होत नाही. दुरुस्ती करायची ती आत हजारो भाडेकरू राहत असताना.

हा वारसा किती जुना आहे ते पाहू. इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात १९७८ साली रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने एक खेळ लिहायला घेतला. त्याचं नाव 'मड'. चित्रं नाहीत, आवाज नाही, पडद्यावर फक्त मजकूर. पण एकाच काल्पनिक जगात अनेक जण एकाच वेळी वावरू शकत होते, ही त्यातली नवलाई. १९८० मध्ये ट्रबशॉ विद्यापीठातून बाहेर पडला तेव्हा त्याने तो कोड आपला मित्र रिचर्ड बार्टल याच्या हाती सोपवला. म्हणजे ऑनलाइन खेळांच्या इतिहासात अगदी पहिल्या पानावरच एकाचा कोड दुसऱ्याने सांभाळणं सुरू झालं.

त्यानंतरचा मोठा टप्पा डेन्मार्कचा. कोपनहेगन विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात पाच विद्यार्थ्यांनी १९९१ च्या सुमारास स्वतःचा मड लिहिला आणि त्याचा कोड सर्वांना खुला केला. विभागाच्या नावावरून त्याला 'डिकूमड' म्हणू लागले. जगभरच्या हौशी लोकांनी तो उतरवून घेतला, त्यात भर घातली, आणि त्या भर घातलेल्यातून आणखी कुणी आपला वेगळा खेळ काढला. एका बियाण्यातून गावोगावी झाडं व्हावीत तसं झालं. पण बियाण्यात जो दोष असतो तोही सगळीकडे जातो. ही वंशावळ इतकी ओळखीची झाली, की १९९९ मध्ये 'एव्हरक्वेस्ट' हा चित्रमय खेळ आला तेव्हा लोकांना त्यात डिकूचीच चाल दिसली. कोड उचलला असल्याचा संशय इतका वाढला, की आपण त्यातली एकही ओळ वापरलेली नाही, असं त्या निर्मात्यांना २००० साली शपथेवर लिहून द्यावं लागलं.

आता नेमबाजीच्या खेळांकडे येऊ. अमेरिकेतल्या 'इड सॉफ्टवेअर' या कंपनीने १९९६ साली 'क्वेक' काढला. त्यात खेळाडूचा वेग ठरावीक मर्यादेपुढे जाऊ नये म्हणून एक तपासणी होती. पण ती तपासणी एकूण वेग पाहत नव्हती. खेळाडू ज्या दिशेला जाऊ पाहतो आहे, त्या दिशेतला वेगच ती मोजायची. जमिनीवर असताना घर्षणामुळे याने काही बिघडत नसे. हवेत मात्र दिशा किंचित वळवत राहिलं, की दर वेळी वेगाला थोडी जागा मिळायची आणि तो वाढत जायचा. खेळाडूंनी हे हेरलं. सशासारख्या टुणटुण उड्या मारत ते मर्यादेच्या कितीतरी पुढे धावू लागले. कंपनीचे प्रमुख प्रोग्रॅमर जॉन कारमॅक यांनी पुढच्या एका आवृत्तीच्या वेळी हे दुरुस्त करून पाहिलं. पण त्याने साधं चालणं-फिरणंच विचित्र वाटू लागलं, म्हणून ती दुरुस्ती मागे घ्यावी लागली.

दरम्यान क्वेकचा कोड दुसऱ्या घरी गेला होता. 'व्हॉल्व्ह' या कंपनीने तो परवान्यावर घेऊन १९९८ मध्ये 'हाफ-लाइफ' बनवला. हाफ-लाइफवर दोन हौशी तरुणांनी 'काउंटर-स्ट्राइक' उभा केला. आपल्याकडे २००० नंतरच्या काळात पुण्या-मुंबईच्या सायबर कॅफेंमध्ये कॉलेजची मुलं तासाला पैसे मोजून जो खेळ खेळत असत, तो हाच. त्यातल्या सशाच्या उड्यांना पुढे आवर घालण्यात आला, पण हवेत वेग मिळवण्याची मूळ खोड पूर्ण गेली नाही. २००४ मध्ये व्हॉल्व्हने इंजिन बरंचसं नव्याने बांधलं, तरी ती त्यातही उतरली. २०२० मध्ये याच घराण्यातला 'हाफ-लाइफ : अ‍ॅलिक्स' आला. त्यातला एक दिवा बिघडलेल्या ट्यूबलाइटसारखा फडफडतो. जाणकारांनी पाहिलं, तर त्या फडफडण्याचा क्रम १९९६ च्या क्वेकमधला जसाच्या तसा होता! चोवीस वर्षांत खेळ बदलले, माणसं बदलली, दिवा त्याच ठेक्यात फडफडत राहिला.

इथवरचं सगळं तसं निरुपद्रवी म्हणता येईल. पण काही वेळा या सांध्यात माणसांचं नुकसानही होतं. इंग्लंडमधल्या केंब्रिजची 'जॅजेक्स' ही कंपनी २००१ पासून 'रूनस्केप' नावाचा खेळ चालवते. त्यात एक पक्का नियम होता. खेळाडूंनी एकमेकांवर हल्ला करायचा तो ठरवून दिलेल्या रानातच, गावात नाही. शहरं सुरक्षित होती, त्यामुळे लोक तिथे मौल्यवान वस्तू अंगावर घेऊन निर्धास्त फिरत. मे २००६ च्या अखेरीस कंपनीने घरं बांधायची सोय आणली. घरात आखाडा बांधता येई आणि त्या आखाड्यापुरती लढाईची परवानगी मिळे. आठवड्याभरातच एका खेळाडूने घरबांधणीत सर्वोच्च पातळी गाठली आणि त्याने मेजवानी दिली. गर्दी अतोनात झाली. घर चालेना, तेव्हा यजमानाने सगळ्यांना एकदम बाहेर काढलं. आखाड्यात असलेले काही जण बाहेर पडले, पण त्यांची लढाईची परवानगी काही काढून घेतली गेली नाही.

त्यांतल्या एकाने फॅलाडोर शहरात जाऊन दिसेल त्याच्यावर हल्ला चढवला. समोरच्याला उलटा वार करताच येत नव्हता, कारण त्याच्याकडे परवानगी नव्हती. मेलेल्याच्या वस्तू जमिनीवर पडत आणि मारणारा त्या उचलून नेई. सुमारे तासभर हे चाललं. नंतर त्या खेळाडूचं खातं बंद झालं. तुम्ही म्हणाल, खेळातलं शस्त्र आणि खेळातलं मरण, त्याचं एवढं काय? पण त्या वस्तू मिळवण्यासाठी काही मुलांनी शाळा सुटल्यावरची कित्येक महिन्यांची संध्याकाळ दिलेली होती. ती मेहनत खरीच होती.

या प्रकारात जुना नियम चूक नव्हता आणि नवी सोयही चूक नव्हती. जुन्या नियमाने गृहीत धरलं होतं, की लढाईची जागा म्हणजे नकाशावरचा ठरलेला तुकडा. नव्या सोयीने लढाई दिवाणखान्यात आणली. दोन शहाण्या निर्णयांच्या मधल्या फटीतून हा बिघाड आत शिरला.

२००५ च्या सप्टेंबरमध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये आलेली साथही अशीच. एका नव्या गुहेतला राक्षस खेळाडूंना रक्ताचा संसर्गजन्य रोग लावत असे. तो रोग गुहेतच संपावा अशी योजना होती. पण खेळात पाळीव प्राण्यांची जुनी सोय होती. प्राण्याला तात्पुरतं दूर केलं, की तो जसा असेल तसा गोठवून ठेवला जाई. आजारी प्राणी दूर केला आणि शहरात जाऊन परत बोलावला, की रोगही ताजाच्या ताजा. दुकानदारांची पात्रं मरत नसत, त्यामुळे ती स्वतः धडधाकट राहून रोग पसरवू लागली. शहरांत सांगाड्यांचे खच पडले. शेवटी कंपनीला सर्व्हर नव्याने सुरू करावे लागले. या घटनेवर २००७ मध्ये एरिक लॉफग्रेन आणि नीना फेफरमन यांनी 'लॅन्सेट' घराण्यातल्या संसर्गजन्य रोगांवरील नियतकालिकात लेख लिहिला, आणि खऱ्या साथीत माणसं कशी वागतील याचा विचार करायला हे उदाहरण उपयोगी पडेल, असं मांडलं.

मग साहजिक प्रश्न येतो. एवढा त्रास असेल तर जुना कोड फेकून नवा का लिहीत नाहीत? उत्तर याच खेळातल्या एका पिशवीत आहे. २००४ पासून प्रत्येक पात्राच्या पाठीवर सोळा खणांची एक पिशवी असे. बाकी सगळ्या पिशव्या वर्षागणिक मोठ्या झाल्या, ही मात्र तेवढीच राहिली. खेळाडूंनी मागणी केली, की कंपनीची माणसं सांगत, की ही पिशवी पायाच्या कोडमध्ये इतकी गुंतली आहे, की तिला हात लावणं जोखमीचं आहे. अखेर २०१८ मध्ये खात्याची सुरक्षा वाढवणाऱ्यांना चार जादा खण मिळाले. चार खणांसाठी चौदा वर्षं! बाहेरून पाहणाऱ्याला हा आळस वाटेल. पण लाखो लोकांच्या वस्तू ज्या कपाटात आहेत, त्याची मापं बदलताना एकाची वस्तू दुसऱ्या खणात गेली किंवा नाहीशी झाली तर भरपाई कशी करायची?

दुसरं कारण असं, की जुना कोड बहुधा चालत असतो, आणि जे चालतं त्याकडे कुणी पाहत नाही. 'ग्रँड थेफ्ट ऑटो ऑनलाइन' हा खेळ २०१३ मध्ये आला. तो सुरू व्हायला कित्येकांना पाच-सहा मिनिटं लागत. लोकांनी संगणकाला दोष दिला, इंटरनेटला दिला आणि वाट पाहायची सवय लावून घेतली. फेब्रुवारी २०२१ मध्ये एका प्रोग्रॅमरने टोपणनावाने याचं कारण जाहीर केलं. त्याच्याकडे मूळ कोड नव्हता. त्याने तयार प्रोग्रॅम उकलून पाहिला होता.

खेळ सुरू होताना विक्रीच्या वस्तूंची एक यादी वाचली जाई. सुमारे ६३,००० नोंदी, दहा मेगाबाइटचा मजकूर. वाचण्याची पद्धत अशी, की एक शब्द वाचला की उरलेला मजकूर शेवटपर्यंत मोजायचा, मग दुसरा शब्द. एखाद्याने जाडजूड ग्रंथ वाचताना प्रत्येक शब्दानंतर शेवटच्या पानापर्यंत अक्षरं मोजावीत तसं. शिवाय प्रत्येक नवी नोंद आधी आली आहे का, हे पाहायला ती मागच्या सगळ्या नोंदींशी ताडली जाई. लग्नाच्या आमंत्रणांची यादी करताना शंभर नावांपर्यंत ही पद्धत चालते. ६३,००० नावांना मात्र जवळजवळ दोनशे कोटी वेळा ताडून पाहावं लागतं. त्या प्रोग्रॅमरने दोन्ही दोष दूर केले आणि त्याच्या संगणकावरचा वेळ सहा मिनिटांवरून दोन मिनिटांच्या आत आला. निर्मात्या 'रॉकस्टार' कंपनीने मार्च २०२१ मध्ये दुरुस्ती केली आणि त्याला दहा हजार डॉलरचं बक्षीसही दिलं. यादी छोटी असती तर अशा कोडला कुणी नावं ठेवली नसती. हजारो नोंदींच्या ओझ्याखाली तो अडखळला.

सॉफ्टवेअरच्या जगात याला 'तांत्रिक कर्ज' म्हणतात. हा शब्द अमेरिकन प्रोग्रॅमर वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९२ मध्ये रूढ केला. काम वेळेत व्हावं म्हणून घाईची सोय करणं म्हणजे कर्ज काढणं. कर्ज काढण्यात पाप नाही, पण ते फेडायचं राहिलं की व्याज चढतं. आपल्याला या कर्जाची ओळख वाय-टू-केच्या निमित्ताने झाली. जागा वाचवण्यासाठी वर्षाचे दोनच आकडे लिहिण्याची जुनी काटकसर १९९९ मध्ये जगाच्या अंगाशी येऊ पाहत होती. ते निस्तरायला मुंबई-पुण्याचे कितीतरी तरुण परदेशी बँकांचा, विमा कंपन्यांचा पंचवीस-तीस वर्षांचा कोड वाचत बसले होते. आजही आपल्याकडचे हजारो इंजिनीअर नवं काही लिहिण्यापेक्षा दुसऱ्याचं जुनं सांभाळण्याचंच काम करतात. त्या कामाला मान कमी, पण गाडी चालते ती त्यांच्यामुळे.

मला या सगळ्यात सर्वांत पटलेला विचार पीटर नाऊर या डॅनिश शास्त्रज्ञाचा आहे. १९८५ मध्ये त्यांनी एक निबंध लिहिला. प्रोग्रॅम म्हणजे नुसत्या लिहिलेल्या ओळी नव्हेत, तो ज्यांनी घडवला त्यांच्या डोक्यातली समज हा त्याचा खरा गाभा, असं त्यांचं म्हणणं. ती माणसं पांगली, की ओळी तशाच राहतात, पण प्रोग्रॅम एका अर्थाने मरतो. नाऊर शिकवत होते कोपनहेगन विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात. म्हणजे जिथे काही वर्षांनी डिकूमड जन्मला आणि ज्याच्या ओळी त्या पाच विद्यार्थ्यांना कधीही न भेटलेल्या माणसांनी जगभर पुढे नेल्या, तोच हा विभाग.

समज हरवली की काय होतं याचं एक बोलकं उदाहरण २०१९ मधलं आहे. लोकांच्या आग्रहावरून वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टचं २००६ मधलं रूप पुन्हा आणायचं ठरलं. जुना कोड आजच्या यंत्रणेवर तसाच चालवला तर जुने बगही परत येणार होते, म्हणून कंपनीने नव्या कोडमध्ये जुनी माहिती भरली. चाचणी सुरू झाली आणि खेळाडूंच्या तक्रारींचा पाऊस पडला. तेव्हा कंपनीला एक यादी प्रसिद्ध करावी लागली. तुम्ही ज्यांना बग म्हणता आहात, त्या या गोष्टी तेव्हा अशाच होत्या, असं सांगणारी यादी! तेरा वर्षांत मूळ काय आणि बिघाड काय, हे खेळणाऱ्यांनाही आठवेनासं झालं होतं.

म्हणून मला वाटतं, की जुना कोड सांभाळणाऱ्याला थोडं इतिहासकार व्हावं लागतं. समोरची ओळ विचित्र दिसली, की लिहिणाऱ्याला मूर्ख म्हणून ती खोडायची घाई करू नये. ती केव्हा लिहिली, तेव्हा काय अडचण होती, कशाला घाबरून लिहिली, हे आधी शोधावं. मग खुशाल बदलावी. आणि आपण स्वतः काही लिहिलं, तर शेजारी कारण आणि तारीख टिपून ठेवावी. आपल्या घरातली वडीलधारी माणसं मेन स्विचच्या पेटीवर कागदाची पट्टी चिकटवून लिहून ठेवतात, 'हे बटण जिन्याचं'. त्या पट्टीला कुणी मोठं काम म्हणत नाही. पण रात्री दिवे गेले, की पुढची पिढी बॅटरी घेऊन आधी तीच वाचते.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)